कथलाचा गोट आणि दयेची समीक्षा

एका वहीत लिहिलेल्या दोन ओळी मागे घेण्यासाठी मी हा लेख लिहीत आहे.

शहरातील एका सेवाभावी संस्थेने हाताने घडविलेल्या दागिन्यांचे प्रदर्शन भरविले होते. दागिने घडविणारी माझी जुनी विद्यार्थिनी. तिचे नाव येथे देत नाही. तिला ते नको आहे, आणि मला जे म्हणायचे आहे त्यासाठी त्याची गरजही नाही. विक्रीतून येणारा पैसा दोन ठिकाणी जाणार होता : तिच्याच वस्तीतील एका खोलीच्या अभ्यासिकेला, आणि सरकारी दवाखान्यात खेड्यापाड्यांतून आलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांना भाकरी पोचविणाऱ्या वस्तीतल्या बायकांच्या मंडळाला. मी उद्घाटनाला गेलो. चहा घेतला, चार शब्द बोललो, आणि निघताना अभिप्रायाच्या वहीत लिहिले : 'अत्यंत स्तुत्य उपक्रम. सामाजिक बांधिलकीचा आदर्श.' खाली सही केली. ती दाराशीच उभी होती. म्हणाली, "सर, एकही दागिना हातात न घेता लिहिलंत."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तिने फक्त जे पाहिले ते सांगितले. पण ते वाक्य घरापर्यंत माझ्याबरोबर आले.

गेली तीस वर्षे वर्गात आणि व्यासपीठावर मी एकच गाऱ्हाणे मांडीत आलो आहे. प्रस्थापित समीक्षक आमचे साहित्य वाचत नाहीत, ते पाठ थोपटतात. 'दाहक अनुभव', 'प्रामाणिक उद्गार', 'समाजाने अंतर्मुख व्हावे' असे चार शब्द टाकले की त्यांचे काम संपते. कविता बांधली कशी आहे, कोठे कच्ची आहे, कोठे तिने भाषेला वाकविले आहे, हे विचारण्याचे कष्ट ते घेत नाहीत. विषय करुण आहे ना, मग गुण देऊन टाका! ही दयाळू समीक्षा म्हणजे अस्पृश्यतेचाच एक प्रकार आहे, असे मी अनेकदा म्हटले आहे. तिच्यात वस्तूला स्पर्श करायचा नसतो. दुरून कौतुक ओतायचे असते, जसे पूर्वी दुरून ओंजळीत पाणी ओतीत. आणि तीच गोष्ट मी माझ्या विद्यार्थिनीच्या बाबतीत केली होती. पैसा चांगल्या कामाला जातो आहे, एवढ्यावर मी तिची कला न पाहताच पास केली होती.

तिसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो. दुपारची वेळ, फारसे कोणी नव्हते. खुर्ची ओढून बसलो आणि एकेक वस्तू हातात घेतली.

२

पहिल्या टेबलावर पदके होती. पितळी पत्रा, त्यावर अशोकचक्र. काहींवर बाबासाहेबांची मुद्रा. दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर ह्या पदकांना सर्वांत जास्त मागणी असते, असे ती सांगते. मला ही पदके सामान्य वाटली. चक्राचे चोवीस आरे मोजून बरोबर आहेत. पण आरे बरोबर असणे निराळे आणि चाक फिरणे निराळे. मुद्रा तर एका नेहमीच्या छायाचित्रावरून ठशाने उठविलेली आहे. हाताने घडविलेल्या वस्तूत हात दिसला पाहिजे. येथे ठसाच दिसतो. मी हे तिला सांगितले. ती रागावली नाही. "सर, अभ्यासिकेचं भाडं आणि लाइटबिल ह्याच पदकांवर निघतं," एवढेच म्हणाली. हे उत्तर व्यवहाराचे आहे, कलेचे नव्हे, असे मी तेव्हा मनात म्हटले. त्या उत्तराकडे मला पुढे परत यावे लागणार आहे.

दुसऱ्या टेबलावर तांब्याचे गोट होते. जाड तार एकात एक पिळून, ठोकून केलेले. तांबे ठोकत गेले की कडक होते. मग ते लाल होईतो तापवायचे, पाण्यात बुडवायचे, की पुन्हा मऊ. एका गोटासाठी हे चार-पाच वेळा करावे लागते. तिने हातोडीचे घाव घासून काढलेले नाहीत. प्रत्येक गोटाला बोटभर फट ठेवली आहे, म्हणजे तो घालणारीला आपल्या हाताने काढता येतो. मी विचारले, फट एवढी मोठी का? ती म्हणाली, "पणजीचे गोट निघत नव्हते." ह्या एका वाक्याने ते टेबल मला कळले.

तिसरी वस्तू लोखंडी हार. तिचे वडील इमारतींच्या बांधकामावर सळया बांधण्याचे काम करीत. सळईला सळई बांधायची ती काळी, मऊ तार त्यांच्या खिशात नेहमी असे. त्याच तारेच्या शेकडो गाठी मारून तिने हा हार केला आहे. गाठही तीच, वडील मारीत तीच : दोन पदरी तार सळयांभोवती घ्यायची, आकडीने पीळ द्यायचा, टोक आत वळवायचे. लोखंड घामाने गंजते. म्हणून तार तापवून तिच्यावर जवसाचे तेल चढविले आहे. त्याने तिला खोल काळा रंग येतो आणि गंज थांबतो. पण पाच पदरांपैकी एक पदर तिने मुद्दाम तेलाविना ठेवला आहे. तो गंजणार, आणि घालणारीच्या पोलक्यावर त्याचा डाग पडणार. एका बाईंनी ह्याबद्दल तक्रार केली तेव्हा ती म्हणाली, "तो डाग दागिन्याचाच भाग आहे, ताई." मी दागिन्यांचा जाणकार नाही. पण वस्तू आणि विचार एकमेकांना सोडून जात नाहीत अशा कलाकृती मी कवितेत पाहिल्या आहेत, आणि हा हार त्या जातीचा आहे.

चौथी वस्तू विक्रीला नव्हती. पणजीचे कथलाचे गोट घरात पत्र्याच्या पेटीत पडून होते. चार होते. तिने त्यांतला एक वितळविला. कथील फार लवकर वितळते, २३२ अंशांवर. स्वयंपाकाच्या शेगडीवरही ते पाण्यासारखे होते. आमच्या पिढीला कथील आठवते ते कल्हईवाल्यामुळे : नवसागराचा धूर, तापलेले पितळी पातेले, आणि त्यात कापसाच्या बोळ्याने फिरणारी चकचकीत रेघ. तिने तो रस समुद्रफेसात कोरलेल्या साच्यांत ओतून लहान लहान थेंब केले आणि त्यांची माळ ओवली. शेजारी न वितळविलेला एक गोट ठेवला. जुन्या कथलात शिसे मिसळलेले असू शकते, म्हणून ही माळ कोणी अंगावर घालू नये असे तिने स्वतःच लिहून ठेवले होते. घालण्यासाठी नसलेला दागिना मी पहिल्यांदाच पाहत होतो. तिने मला कथलाची एक कांब कानाशी धरायला सांगितली आणि हळूच वाकविली. ती करकरली. कथलाचा हा गुण आहे. वाकविले की त्यातून आवाज निघतो. "पणजी म्हणायची, गोट रडतात," ती म्हणाली.

३

आमच्यातील एका जुन्या कार्यकर्त्याने ह्या प्रदर्शनावर आक्षेप घेतला. बाबासाहेबांनी आपल्या आयाबायांच्या हातांतून जे गोट उतरविले ते ही पोरगी परत चढवायला निघाली आहे, असे त्यांचे म्हणणे. हा आक्षेप हसून सोडून देण्याजोगा नाही. त्याला नीट उत्तर दिले पाहिजे.

दागिना हा बायकांच्या हौसेचा विषय आहे असे ज्यांना वाटते त्यांनी मनुस्मृतीचा दहावा अध्याय काढावा. चांडाळाने गावाबाहेर राहावे, फुटक्या भांड्यांत जेवावे, प्रेतांवरची वस्त्रे नेसावीत, असे तेथे सांगितले आहे. आणि त्याच श्लोकात, त्याचे अलंकार लोखंडाचे असावेत, असेही सांगितले आहे. धर्मशास्त्राला आमच्या गळ्यात काय असावे ह्याचीदेखील चिंता होती. अलंकार येथे शोभेसाठी नव्हताच. तो ओळखपत्र होता.

हे केवळ पोथीतले राहिले नाही. १९२८ साली इंदूर जिल्ह्यातील कनारिया, बिचोली-हाफसी, बिचोली-मर्दाना आणि आसपासच्या सुमारे पंधरा गावांतील सवर्णांनी बलाई लोकांना गावात राहायचे असेल तर पाळावयाचे नियम बजावले. त्यांत बलाई स्त्रियांनी सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत, हा एक होता. बाबासाहेबांनी १९३६ साली जातिसंस्थेच्या उच्छेदावरील आपल्या न झालेल्या भाषणात हे उदाहरण नोंदविले आहे. डिसेंबर १९३० मध्ये तमिळ मुलखातील रामनाड भागात कल्लर जातीच्या लोकांनी आदिद्रविडांवर जी आठ बंधने लादली त्यांतही सोन्याचांदीच्या दागिन्यांना मनाई होती. कथील आणि लोखंड घालू नका, असा हुकूम मात्र कोठे निघाल्याचे ऐकिवात नाही. ते घालायला पूर्ण मोकळीक होती!

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला मनुस्मृती जाळली गेली. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेब स्त्रियांशी स्वतंत्रपणे बोलले. गळाभर गळसऱ्या आणि कोपरापर्यंत कथलाचे किंवा चांदीचे गोट-पाटल्या ही तुमच्या अस्पृश्यपणाची खूण आहे, ती टाका. दागिना घालायचाच तर सोन्याचा घाला, नाहीतर घालू नका, असा त्या बोलण्याचा आशय होता. लुगडे कसे नेसावे हेही त्यांनी सांगितले, आणि त्याच मुक्कामी अनेक स्त्रियांनी नेसण्याची रीत बदलली. अंगावरच्या वस्तू ह्या लिपीसारख्या असतात आणि ती लिपी दुसऱ्यांनी आपल्याविरुद्ध वाचण्यासाठी घडविलेली असते, हे इतक्या साध्या शब्दांत आधी कोणी सांगितले होते? चिन्हांच्या शास्त्रावर आज विद्यापीठांत जाड ग्रंथ वाचले जातात. महाडच्या मांडवातल्या निरक्षर बायांना ते शास्त्र एका दिवसात कळले, कारण ते त्यांच्या मनगटांवरच होते.

आता आक्षेपाकडे. बाबासाहेबांनी टाकायला सांगितली ती खूण. ती टाकली गेली. माझ्या विद्यार्थिनीच्या पणजीने निजामी मुलखातल्या आपल्या गावात गोट उतरविले ते १९५६ नंतर. साबण लावून, मनगट सोलून काढले, असे आजी सांगते. पण टाकलेली खूण विसरायची की जपायची, हा वेगळा प्रश्न आहे. कथलाची माळ अंगावर घालायची नाही; ती पाहायची आहे. ज्या आत्मकथनांनी आपले साहित्य उभे केले त्यांनी हेच केले. महारवाड्यातले जिणे त्यांनी पुन्हा जगायला सांगितले नाही, वाचायला लावले. तांब्याच्या गोटातली फट तर सरळच बोलते : हा मी माझ्या मर्जीने घालीन, आणि मर्जीने काढीन.

तरीही आक्षेपातला एक अंश उरतो, आणि तो मी तिच्यासमोर ठेवला. हे गोट विकत घेतले ते बहुतेक शहरातल्या सुखवस्तू बायकांनी. त्यांच्या मनगटावर तो 'एथनिक' दागिना होतो. एका बाईंनी तर 'हे ट्रायबल आहे का?' असे विचारून भाव केला. खुणेचा जाच ती वाचणाऱ्याच्या हाती असतो, तशी तिची मौजही वाचणाऱ्याच्याच हाती जाते. म्हणून ह्या गोटांबरोबर त्यांचा इतिहास गेलाच पाहिजे, असे मी म्हणालो. तेव्हा कळले की तिने तसा एक कागद प्रत्येक गोटाबरोबर ठेवला होता. मनुस्मृती, महाड आणि पणजीचे मनगट, अशा दहा-बारा ओळी. आयोजक संस्थेने तो काढायला लावला. मजकूर 'नकारात्मक' होता म्हणे. त्याऐवजी टेबलावर अभ्यासिकेतल्या मुलांचा फोटो ठेवावा, शक्य तर अनवाणी मुलांचा, अशी सूचना झाली. फोटो तिने ठेवला नाही. कागद मात्र काढला गेला.

४

येथे मला पाचव्या वस्तूविषयी लिहावे लागते. दाराजवळच्या टेबलावर, पाहुण्यांना भेट देण्यासाठी, संस्थेच्या सांगण्यावरून तिने केलेली चांदीची लहान लटकने होती. दोन हातांची ओंजळ, वर उचललेली, मागणारी. काम अतिशय सफाईदार. बोटांची पेरे, मनगटाची रेषा, सगळे जिवंत. सबंध प्रदर्शनात एवढे स्वच्छ काम दुसरे नव्हते, आणि एवढे खोटेही नव्हते.

ती ओंजळ पाहताना मला एक जुना दागिना आठवला. १७८७ साली लंडनमध्ये गुलामांचा व्यापार बंद पाडण्यासाठी समिती स्थापन झाली. चिनीमातीच्या कामाचा प्रसिद्ध कारखानदार जोसाया वेजवुड हा तिच्यात होता. त्याच्या कारखान्यातील विल्यम हॅकवुड ह्या कारागिराने एक छोटे पदक घडविले. पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळा उठाव : एक कृष्णवर्णीय पुरुष, गुडघा टेकलेला, साखळदंडांनी बांधलेले हात जोडून वर उचललेले. मी माणूस नाही का, तुमचा भाऊ नाही का, अशा अर्थाची अक्षरे भोवती. वेजवुडने ही पदके फुकट वाटली; १७८८ साली काही अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिनकडे पाठविली. स्त्रियांनी ती कंकणांत बसविली, केसांच्या पिनांवर लावली. पुरुषांनी तपकिरीच्या डब्यांची झाकणे त्यांनी सजविली. एका न्याय्य कार्याची फॅशन झाली.

ह्या पदकाने काम केले, हे नाकारण्यात अर्थ नाही. लोकमत तयार झाले, १८०७ साली ब्रिटिश साम्राज्यातला गुलामांचा व्यापार कायद्याने बंद झाला. पण पदकावरच्या माणसाकडे पुन्हा पाहा. तो प्रश्न विचारतो आहे, आणि उत्तर देण्याचा अधिकार पदक घालणारीकडे आहे. तो माणूस आहे की नाही, हे ती ठरविणार. त्याच काळात, १७९१ साली, हैतीतले गुलाम उठले आणि १८०४ साली त्यांनी आपले स्वतंत्र राष्ट्र जाहीर केले. ते काही विचारीत नव्हते, सांगत होते. त्यांचे पदक कोणी कंकणात बसविले नाही. आणि १८३३ साली ब्रिटिश संसदेने गुलामगिरी रद्द करण्याचा कायदा केला तेव्हा दोन कोटी पौंडांची भरपाई मंजूर झाली, ती गुलामांच्या मालकांना. ज्यांनी आयुष्यभर फुकट राबून मळे पिकविले त्यांना एक पैही मिळाली नाही. उलट त्यांतल्या बहुतेकांना उमेदवारीच्या नावाखाली १८३८ पर्यंत त्याच मालकांकडे राबावे लागले. गुडघे टेकलेल्या माणसाचा हिशेब असाच होतो. त्याला दया मिळते आणि रक्कम दुसऱ्याच्या नावावर जमा होते.

बाहेरच्यांची मदत नकोच, असे मी म्हणत नाही. जोतीराव फुले ह्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांना आदराने अर्पण केले. कृतज्ञता मोठ्या मनाची खूण आहे. पण त्या पुस्तकातला धोंडिबा गुडघे टेकून बसलेला नाही. तो प्रश्नावर प्रश्न विचारतो आणि जोतीराव उत्तरे देतात. त्याचे प्रश्नही आपण माणूस आहोत की नाही असे नाहीत. ज्यांनी आपल्याला माणूसपणातून काढले त्यांचा इतिहास काय, असे आहेत. दोन प्रश्नांमधले हे अंतर आपल्या समीक्षेने मोजले पाहिजे.

५

त्याच अमेरिकेतील एका स्त्रीचे उदाहरण मला ह्या संदर्भात अधिक जवळचे वाटते. एडमोनिया लुईस ही शिल्पकार होती. वडील आफ्रिकी वंशाचे, आई ओजिब्वे ह्या मूळ रहिवासी जमातीतली. ओबर्लिनच्या महाविद्यालयात असताना तिच्यावर विषप्रयोगाचा खोटा आळ आला, जमावाने तिला मारून बर्फात टाकले. आरोप कोर्टात टिकला नाही. पुढे ती बॉस्टनला आली आणि गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्यांची माती आणि प्लास्टरची पदके घडवून विकू लागली.

ते यादवी युद्धाचे दिवस होते. मॅसॅच्युसेट्सची ५४ वी पलटण कृष्णवर्णीय सैनिकांची होती. भरतीच्या वेळी बरोबरीच्या पगाराचे वचन दिले गेले. प्रत्यक्षात गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर आणि ह्यांना १०, त्यातूनही कपड्यांचे ३ कापून. ह्या सैनिकांनी तो पगार घेतलाच नाही. वर्षाहून अधिक काळ ते बिनपगारी लढले, घरी बायकामुले उपाशी असताना. अखेर जून १८६४ मध्ये अमेरिकी काँग्रेसला समान पगार मान्य करावा लागला. त्याच वर्षी बॉस्टनच्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी सैनिकांच्या मदतीसाठी मेळा भरविला. लुईसने ह्या पलटणीच्या मारल्या गेलेल्या सेनानीचा, रॉबर्ट गूल्ड शॉचा, अर्धपुतळा घडविला होता. तो त्या मेळ्यात होता, आणि त्याच्या प्लास्टरच्या प्रती विकूनच पुढे ती इटलीला गेली.

ह्या मेळ्याकडे मी पुन्हा पुन्हा वळतो, कारण दान आणि मदत ह्यांतला फरक मला येथे सापडला. वेजवुडचे पदक गुलामासाठी याचना करते. बॉस्टनच्या बायका ज्यांच्यासाठी वस्तू विकत होत्या त्या माणसांनी अपुरा पगार नाकारलेला होता. समाजाने त्यांच्या घरची चूल सांभाळायची, म्हणजे 'नको' म्हणणारा वाकत नाही. घेणाऱ्याची नकार देण्याची ताकद जिने वाढते ती मदत. जिने ती ताकद कमी होते ती भीक, मग देणारा कितीही सज्जन असो.

लुईसने १८६७ साली रोमला गुलामगिरीतून मुक्त झालेल्यांचे एक संगमरवरी शिल्प केले. त्यातला पुरुष ताठ उभा आहे, तुटलेली साखळी असलेला हात वर. पण शेजारची स्त्री अजून गुडघ्यांवर आहे. स्वतः काळी स्त्री असलेल्या कलावंताच्या हातूनही ते गुडघे पुरते उचलले गेले नाहीत. जुनी मुद्रा हातात इतकी मुरलेली असते. म्हणून चांदीच्या ओंजळीबद्दल मी माझ्या विद्यार्थिनीला दोष देतो, पण तिची थट्टा करीत नाही.

६

प्रदर्शन संपल्यावर मी तिच्या घरी गेलो. पुढच्या खोलीतच काम चालते : एक पाट, हातोड्या, तारा, गॅसची लहान बत्ती. तिने एक वही दाखविली. डाव्या बाजूला आलेले पैसे, उजव्या बाजूला गेलेले. उजव्या रकान्यावर शब्द लिहिला होता, 'वाटा'. मी विचारले, दान का नाही? ती म्हणाली, "दान लिहिलं की मी मोठी होते आणि पोरं लहान होतात. तसं नाही ना ते, सर." डाव्या बाजूला फक्त दागिन्यांचे पैसे नव्हते. अभ्यासिकेत बसून नोकरीला लागलेली मुले महिन्याला काही टाकतात. भाकऱ्या करणाऱ्या बायकांच्या घरातलीच दोन पोरे तेथे अभ्यासाला बसतात. आज देणारा काल घेणारा होता, आणि उद्या पुन्हा होईल.

वाटा हा शब्द आपल्याला जपूनच वापरला पाहिजे. गावगाड्यात महाराचाही वाटा होता. दारोदार फिरून शिळी भाकरी गोळा करणे ह्यालाच तेथे हक्क म्हणत. भीक आणि हक्क ह्यांत गाव फरक करू देत नव्हते. तो वाटा घेणाऱ्याला बांधून ठेवी. ह्या वहीतला वाटा मोकळे करतो का, हीच त्याची परीक्षा. रमाईने धारवाडच्या वसतिगृहातल्या मुलांसाठी आपल्या बांगड्या काढून दिल्या, ही गोष्ट वस्तीवस्तीत सांगितली जाते. ती सांगताना आपण त्यागावर थांबतो आणि डोळे पुसतो. मला तिच्यात दुसरे काही दिसते. त्या बांगड्यांनी कोणा मुलाला कोणापुढे हात पसरावा लागला नाही.

मी निघताना तिने सहज सांगितले की त्या संस्थेने पुढच्या कार्यक्रमासाठी चांदीच्या आणखी ओंजळी मागितल्या होत्या, आगाऊ पैसे देऊन. तिने नाही म्हटले. मी विचारले, एवढी रक्कम सोडणे परवडले कसे? तिने टेबलाकडे बोट दाखविले. तेथे पितळी पदकांचा ढीग होता, चक्राची आणि मुद्रेची, दीक्षाभूमीसाठी तयार केलेली. माझ्या मते सामान्य असलेली.

पदकांविषयीचे माझे मत मी बदलत नाही. ती अधिक चांगली होऊ शकतात, आणि बाबासाहेबांची मुद्रा तिने ठशाऐवजी स्वतःच्या हाताने घडवावी असा माझा आग्रह आहे. आपल्या लोकांच्या हाती आपण सामान्य वस्तू का द्यायची? पण तिचे उत्तर निव्वळ व्यवहाराचे होते, हे माझे म्हणणे मात्र मी मागे घेतो. वस्तीतल्या साध्या माणसांनी दिलेल्या थोड्याथोड्या पैशांनी ह्या कलावंताला खोटी ओंजळ नाकारण्याची ताकद दिली. ५४ व्या पलटणीची गोष्ट मी पुस्तकात वाचली होती. येथे ती माझ्यासमोर पाटावर मांडलेली होती.

ती अभिप्रायाची वही आता संस्थेच्या कपाटात आहे. तिच्यातल्या माझ्या दोन ओळी रद्द समजाव्यात. त्याऐवजी हे वाचावे : पितळी पदके सामान्य. तांब्याचे गोट चांगले. पण त्यांच्याबरोबरचा कागद काढू नये. लोखंडी हार उत्तम, गंजक्या पदरासह. कथलाची माळ कोणी घालू नये, सर्वांनी पाहावी. चांदीची ओंजळ सफाईदार आणि खोटी. ती पुन्हा करू नये. सर्व वस्तू हातात घेऊन पाहिल्या.

सही तीच.